रतीब बंद करायचा तर



रतीब लावणं आणि रतीब बंद करणं ही दोन्ही कामं आपल्याकडे आजवर सारख्याच सोपेपणाने होत आली. दूधवाल्याला सांगितलं, "उद्यापासून अर्धाच लिटर द्या," की दुसऱ्या दिवशी पातेल्यात अर्धा लिटर. गावाला गेलं तर खाडे धरायचे, महिनाअखेरीला कॅलेंडरवरच्या फुल्या मोजायच्या आणि तेवढे पैसे वजा. त्यासाठी दूधवाल्याने कधी कारण विचारलं नाही, की "मी तुम्हाला एक महिना फुकट दूध देतो, पण बंद करू नका" असं म्हटलं नाही. पेपरवाला तसाच. गल्लीतला जुना केबलवालासुद्धा, मुलांची दहावी आली की "मार्चपर्यंत नको" एवढ्यावर वायर सोडून जायचा आणि परीक्षा संपली की येऊन जोडायचा.

आता टीव्हीचा रतीब मोठ्या कंपन्यांकडे गेला. छत्री आली, डबा आला, मोबाइलवर तेच चॅनेल दाखवणारं अ‍ॅप आलं. 1 फेब्रुवारी 2019 पासून ट्रायच्या नव्या नियमांमुळे प्रत्येक चॅनेलची किंमत दिसू लागली आणि हवं तेच चॅनेल घ्यायची मुभा मिळाली, हे चांगलंच झालं. पण आत यायचं दार जेवढं रुंद झालं, तेवढंच बाहेर जायचं अरुंद झालं. सुरू करायला एक बोट पुरतं. बंद करायला गेलं की बटण कुठल्या पानावर आहे इथपासून शोध सुरू. ते सापडलं की "तुम्ही खरंच जाणार?" मग कारण निवडा, मग सवलत बघा, मग "यासाठी आमच्या प्रतिनिधीशी बोला", मग प्रतिनिधीची वाट बघत ते संगीत ऐका.

तीन-चारशे रुपयांसाठी काय एवढं, असं कोणी म्हणेल. म्हणून आमच्याच घरातलं सांगते.

माझे मोठे दीर गेल्या वर्षी गेले. त्यांना क्रिकेटचं फार वेड, म्हणून खेळाचे सगळे चॅनेल असलेला पॅक त्यांनी घेतला होता. महिन्याला 389 रुपये, त्यांच्या कार्डावरून आपोआप कापले जायचे. खातं दोघांच्या नावावर, त्यामुळे ते चालूच राहिलं. जाऊबाईंनी त्यानंतर टीव्ही लावलाच नव्हता. संध्याकाळी बस्तीत जायचं, स्वाध्यायाला बसायचं, आल्यावर जपमाळ. सातव्या महिन्यात पासबुक भरून आणलं तेव्हा दिसलं की पैसे दर महिन्याला जात आहेत. 2723 रुपये झाले होते.

कंपनीला फोन लावला. पलीकडून सांगितलं, "ज्यांच्या नावावर कनेक्शन आहे त्यांना फोन द्या." जाऊबाई म्हणाल्या, ते गेले. "मग त्यांच्या नोंदवलेल्या नंबरवर ओटीपी येईल तो सांगा." त्यांचा फोन कपाटात, सिमचं रिचार्ज कधीच संपलेलं. नंबर बदलून द्या म्हटलं, तर नंबर बदलायलाही जुन्याच नंबरवर ओटीपी. दुसऱ्या दिवशी दुसरा मुलगा, त्याला पुन्हा पहिल्यापासून सांगायचं. त्या आठवड्यात जाऊबाईंनी "ते गेले" हे वाक्य सहा अनोळखी माणसांना सांगितलं. त्यातल्या एकाने तर त्यावर तीन महिन्यांच्या पॅकवर सवलत देऊ केली. मी शेजारी बसले होते. जाऊबाई रागावल्या नाहीत, फोन माझ्याकडे देऊन आत गेल्या. पैशांचं मी एक वेळ सोडून देईन, हे कसं सोडायचं?

फोनवरच्या मुलांवर माझा राग नाही. समोरच्या कागदावर लिहिलंय ते त्यांना वाचावं लागतं, आणि ग्राहक गेला की त्यांच्या नावापुढे फुली पडत असणार. कुणाची तरी मुलं आहेत ती, त्यांच्यावर ओरडून आपलाच कषाय वाढायचा. प्रश्न तो कागद लिहिणाऱ्यांचा आहे.

आमच्या बी.कॉम.ला मर्कंटाइल लॉ होता. त्यातला 1862 सालचा फेल्टहाउस विरुद्ध बिंडले हा इंग्लंडमधला खटला मला अजून आठवतो, कारण त्यात घोडा होता. काकाने पुतण्याला लिहिलं, की तुझा घोडा मी अमुक किमतीला घेतो, तुझ्याकडून काही कळलं नाही तर घोडा माझा झाला असं समजेन. पुतण्याने उत्तर दिलं नाही. पुढे लिलाववाल्याने चुकून तो घोडा विकला आणि काका कोर्टात गेला. कोर्टाने सांगितलं, समोरचा गप्प बसला याचा अर्थ तो हो म्हणाला असा तुम्ही परस्पर लावू शकत नाही. आता सांगा, "तुम्ही बंद करा म्हणाला नाहीत, म्हणून पुढच्या महिन्याचे घेतले" हे त्या काकाच्या पत्रापेक्षा वेगळं काय आहे? कंपनी म्हणेल की सुरुवातीला तुम्हीच मान्यता दिली होती. दिली होती, पण टीव्ही बघण्यासाठी. कपाटात बंद पडलेल्या फोनच्या भरवशावर कायमची नव्हे.

आपल्याकडे तर हा विचार फार बारकाईने झालेला आहे. चोरीला आपण अदत्तादान म्हणतो, म्हणजे न दिलेलं घेणं. कुलूप तोडलं का, अंधारात आलात का, हा प्रश्नच नाही. देणाऱ्याने दिलं होतं का, एवढंच बघायचं. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य व्रताचे जे पाच अतिचार सांगितलेत त्यात हीनाधिकमानोन्मान आहे, घेण्याचं माप वेगळं आणि देण्याचं वेगळं ठेवणं. आजवर हे शिकवताना तराजू आणि शेराचंच उदाहरण ऐकत आलो. मला वाटतं, आता पंडितजींनी हेही उदाहरण घ्यावं. ग्राहकाला आत घ्यायला एक पायरी आणि सोडायला सात, ही दोन मापंच झाली.

मुदतीचं तर विचारूच नका. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात भोगोपभोगपरिमाण व्रताचं वर्णन वाचा. त्यात यम आणि नियम असे दोन भाग केले आहेत. यम जन्मभरासाठी, नियम ठरावीक काळापुरता. नियम कशाकशाचा करायचा त्या यादीत जेवण, वाहन, फुलं, कपडे, दागिने यांच्याबरोबर संगीत आणि गाणंही आहे. म्हणजे करमणूक आलीच! आणि मुदती सांगितल्यात त्या अशा: आज, दिवस, रात्र, पंधरवडा, महिना, ऋतू, अयन. दशलक्षणात आपण दहा दिवस टीव्ही लावत नाही, काही जणी पूर्ण चातुर्मास लावत नाहीत, तो हाच नियम. पुण्याच्या कामातसुद्धा आपण माणसाला त्याच्या नकळत जन्मभरासाठी बांधून घेत नाही. मुदत आधी सांगतो, ती संपली की तो मोकळा, पुढे घ्यायचा असेल तर पुन्हा आपल्या तोंडाने घ्यायचा. या कंपन्यांनी नियम म्हणून विकलं आणि यम म्हणून वसूल केलं.

म्हणून माझं मत सरळ आहे. पॅकची मुदत संपली की सेवा आपोआप थांबावी. पुढे हवी असेल तर घेणाऱ्याने सांगावं. आज हे बरोबर उलटं आहे.

लाइटबिल आपोआप भरलं जातं ते चालतं ना, असं माझा मुलगा विचारतो. चालतं, कारण मीटर फिरलं त्याप्रमाणे बिल येतं. आमचे दीर गेल्यावर त्यांच्या खोलीचा पंखा फिरला नाही, त्याचे पैसेही गेले नाहीत. टीव्हीचं तसं नाही. सात महिने टीव्ही बंद होता, पण त्याचे खाडे आपोआप धरले गेले नाहीत.

कायदा अगदीच आपल्या बाजूने नाही असं समजू नका. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी डार्क पॅटर्नविषयी मार्गदर्शक तत्त्वं काढली. डार्क पॅटर्न म्हणजे स्क्रीनवर ग्राहकाला चकवायचे डाव. तसे 13 प्रकार त्यात नावानिशी दिले आहेत आणि वर्गणीचा सापळा हा त्यातला एक. सेवा बंद करणं अशक्य किंवा किचकट करून ठेवणं, बंद करायचं बटण लपवणं, फुकट म्हणून दाखवलेल्या गोष्टीसाठी आधीच आपोआप पैसे कापायची परवानगी घेणं, हे सगळं त्यात येतं. रिझर्व्ह बँकेचाही नियम आहे, की असे पैसे कापण्याआधी किमान 24 तास ग्राहकाला कळवायचं आणि ही परवानगी ग्राहकाला कधीही मागे घेता आली पाहिजे. जाऊबाईंच्या बाबतीत निरोप जात होताच, बंद पडलेल्या नंबरवर. नियम पाळला गेला आणि कुणालाही काही कळलं नाही.

जे काम कंपनीत आठवडाभर झालं नाही, ते बँकेत पंधरा मिनिटांत झालं. मृत्यूचा दाखला आणि साधा अर्ज दिला, परवानगी रद्द. म्हणून आधी पैशाचा नळ बंद करा, मग कंपनीशी बोला. यूपीआयच्या अ‍ॅपमध्ये ऑटोपे नावाचा भाग असतो, तिथे कोणाकोणाला परवानगी दिली आहे ती यादी दिसते. एकदा उघडून बघा. आमच्या भिशीत चौघींनी बघितली, तर तिघींच्या यादीत एकतरी नाव असं निघालं जे त्यांना आठवेना. कंपनीला फोनवर सांगितलं तरी त्याच दिवशी ग्राहक क्रमांक घालून ई-मेल करा, कारण फोनवरचं बोलणं त्यांच्याकडे राहतं, आपल्याकडे नाही. तक्रार क्रमांक मागून वहीत तारखेसह लिहा. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे. आणि घरात कोणाच्या नावावर काय चालू आहे याचा एक कागद करून ठेवा, विम्याच्या कागदांबरोबर. हे बोलणं अशुभ वाटतं खरं, पण सल्लेखनेचा विचार करणाऱ्या आपल्या लोकांना एवढ्याचं भय कसलं?

एक गोष्ट आपल्याच लोकांसाठी. आपल्यातल्या अनेकांची दुकानं आहेत, क्लासेस आहेत, जिम आहेत, एक-दोघांची केबलची एजन्सीही आहे. वर्षाची फी घेऊन मधे सोडणाऱ्याला "रिफंड नाही" म्हणणारे आपल्यातही आहेत आणि तेच चतुर्दशीला उपवास करतात. पावतीवर मुदत संपायची तारीख मोठ्या अक्षरात छापा आणि बंद करायचं असेल तर कुणाला सांगायचं ते त्याखाली लिहा. खर्च शून्य आहे.

जाऊबाईंच्या 2723 पैकी 778 रुपये, म्हणजे दोन महिन्यांचे, कंपनीने परत केले, तेही मेहेरबानी म्हणून. उरलेल्या 1945 रुपयांची तक्रार आम्ही 1915 वर नोंदवली आहे. जाऊबाई म्हणतात, जाऊ दे आता. मी वहीत पुढची तारीख लिहून ठेवली आहे. छत्री अजून गच्चीवरच आहे, कारण ती न्यायला कोणी येत नाही आणि आता त्यात पारव्याने घरटं केलंय, म्हणून आम्हालाही हात लावता येत नाही.