हट्ट बाळाचा नव्हे

‘भूक लागली की झक मारत पिईल!’ माझ्या भाचीचा साडेचार महिन्यांचा लेक डब्याचं दूध थुंकायला लागला, तेव्हा घरात आल्यागेल्या प्रत्येकाने हेच ऐकवलं. २०१७च्या कायद्याने प्रसूतीची रजा २६ आठवड्यांची झाली खरी. पण तिचे सहा आठवडे बाळंतपणाआधीच खर्ची पडले होते. दहाच्या ठोक्याला बँकेत हजर व्हायचं, आणि इकडे बाटलीचं बूच ओठांना लागलं की पोरगं पाठीची कमान करून मान फिरवायचं.

त्या सल्ल्यात थोडं तथ्य आहे, हे मान्य करते. अंगाने धडधाकट बाळ आपली भूक आपण ओळखतं. पण भुकेने कळवळलेलं लेकरू नवीन काही शिकत नसतं. ते आधी आकांत करतं, मग थकून झोपतं, आणि उठल्यावर चोखायचा जोरही कमी झालेला असतो. याला आपण ‘शेवटी वठणीवर आलं’ म्हणतो! सहा महिन्यांखालच्या बाळाला उपाशी ठेवून वळण लावणं मला साफ नामंजूर आहे.

दुसरा सल्ला याहून घातक: ‘गाईचं दूध निम्मं पाणी घालून द्या.’ गाईच्या दुधात लोह नगण्य, प्रथिनं आणि क्षार मात्र तान्ह्या मूत्रपिंडांना जड. वर पाणी घातलं की पोट भरतं, पोषण होत नाही. पावडर जास्त घालून डब्याचं दूध घट्ट करणंही तितकंच चुकीचं. डब्यावर लिहिलेलं माप वाढवायचं नाही, घटवायचं नाही. आणि वर्षाच्या आत मधाचं बोटसुद्धा नको.

मुळात बाळ नेमकं काय नाकारतंय, हे आपण बघतच नाही. दूध, की रबरी बूच? की आईच्या मांडीवर बसून, आईचा वास येत असताना, पुढे केलेली परकी बाटली? नाक चोंदलेलं असेल, तोंडात पांढरे चट्टे आले असतील, तर तो हट्ट नसून दुखणं आहे. पावडरीचं दूध प्यायल्यावर अंगावर पुरळ, सतत उलट्या किंवा शीमध्ये रक्त दिसलं, तर दुधाच्या प्रथिनाची ॲलर्जी असू शकते. तिथे घरगुती प्रयोग थांबवून बालरोगतज्ज्ञ गाठायचा.

आमच्याकडे नकार बाटलीला होता. पणजीने माळ्यावरचं चांदीचं बोंडलं काढायला सांगितलं. कल्पना योग्यच, पण त्याची चोच आतून घासता येत नाही. म्हणून उकळलेली वाटी नि चमचा घेतला. भाचीने सकाळी काढून ठेवलेलं स्वतःचं दूध आजीने गरम पाण्याच्या भांड्यात धरून कोमट केलं. (असं दूध खोलीत चार तास, फ्रिजमध्ये चोवीस तास चालतं, उकळायचं मात्र नाही.) आई घराबाहेर. बाळ जागं, पण अजून रडकुंडीला न आलेलं. आजीने त्याला मांडीवर ताठ बसवलं, चमचा खालच्या ओठावर टेकवला आणि थांबली. ओतलं नाही. जीभ बाहेर आली, चाटून आत गेली. पहिल्या दिवशी जेमतेम दोन चमचे. चौथ्या दिवशी वाटी संपली, आणि मग त्याच चमच्याने डब्याचं दूधही गेलं.

दिवसा कमी पिणारी बाळं आई घरी आली की रात्री भरपाई करतात. ती पाजणी मोडू नये. पुरेसं मिळतंय का, याची साक्ष शेजारणीकडे मागायची नाही. चोवीस तासांत सहा किंवा जास्त लंगोट ओले होताहेत का आणि वजनाची रेघ चढते आहे का, ते पाहायचं. बाळ मलूल पडलं, टाळू खोल गेली, सहा-आठ तास लघवी झाली नाही, तर दवाखान्यात जायला सकाळ उजाडायची वाट पाहू नये.

सहा महिने पुरे झाले की ताटही मदतीला येतं. वरणाच्या पाण्याने मात्र भागत नाही. मऊ भात, घट्ट मुगाचं वरण, नाचणीचं सत्त्व, वर तूप; चमचा तिरका केला तरी ओघळणार नाही इतकं दाट. तरीही वर्षापर्यंत दूध लागतंच.

भाची आता संध्याकाळी आली की चप्पल काढायच्या आधी फ्रिजवरची वही बघते. आजी लंगोटागणिक एक रेघ मारते. काल साडेसहापर्यंत पाच होत्या, आणि सहावा लंगोट दोरीवर ठिबकत होता.