आडनाव काय?

बारावीचे निकाल लागले, की यवतमाळच्या एस.टी. स्टँडवर एक चित्र आम्हाला हटकून दिसते. झरी, मारेगाव, घाटंजी, उमरखेडकडून आलेली मुले. पाठीवर बॅग, प्लास्टिकच्या पिशवीत टी.सी. आणि जातीचा दाखला, आणि नजर भिरभिरती.

यंदा अशीच एक मुलगी पांढरकवड्याच्या गाडीतून उतरली. वडील शेतमजूर. सोबत आले होते, पण दुसऱ्या दिवसाचा रोज बुडू नये म्हणून लगेच परतले. बी.कॉम.ला प्रवेश झालेला, वसतिगृहाच्या यादीत मात्र नाव नाही. दोन तास ती एकाच बाकावर बसून होती. "कुणाला विचारलं का नाहीस, बाई?" आम्ही म्हटले. ती म्हणाली, "काका, कॉलेजचा रस्ता पुसला त सांगतात. खोलीचं म्हटलं का पह्यले आडनाव पुसतात." मग खाली पाहून म्हणाली, "दुसरंच आडनाव सांगतलं त चालन काय?"

आम्ही गप्प झालो. पंचवीसेक वर्षांपूर्वी आम्ही याच शहरात बी.कॉम.साठी आलो, तेव्हा आम्हीही आडनाव गिळून नुसते गावाचे नाव सांगत होतो. खोली मिळाली. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावला आणि दुसऱ्याच दिवशी घरमालकाने ॲडव्हान्स परत केला.

बाबासाहेब 1913 साली न्यूयॉर्कला गेले, तेव्हा तेही नवखेच विद्यार्थी होते. आधी हार्टले हॉल, तिथले जेवण रुचेना म्हणून कॉस्मोपॉलिटन क्लब, मग लिव्हिंगस्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी मित्रासोबत. खोल्या बदलल्या, पण जात विचारून कुणी दार लावले नाही. तेच बाबासाहेब 1917 साली बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तर राहायला जागा नाही. पारशी धर्मशाळेत पारशी नाव नोंदवून राहावे लागले. ते नाव जेमतेम अकरा दिवस पुरले. काठ्या घेतलेली माणसे दारात आली. रात्रीच्या मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत बाबासाहेब कमाठी बागेत बसून होते.

हे आम्ही मुलीला सांगितले आणि तिला घेऊन पायीच निघालो. स्टँडवरून दत्त चौक, तिथून गोधणी रोडने अमोलकचंद महाविद्यालय. रिक्षाने गेले तर रस्ता लक्षात राहत नाही. झेरॉक्सचे दुकान, दवाखाना, पाण्याची टाकी अशा खुणा ती वहीत लिहून घेत होती. परतताना आम्ही तिला पुढे चालायला लावले. एकदाच चुकली. संध्याकाळी पाटीपुऱ्यात एका बाईंकडे खोली ठरली. त्यांनी तिला आडनाव विचारले नाही, जेवलीस का ते विचारले.

पालकांनी एक ध्यानात ठेवावे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी 2016-17 पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. सुरुवातीला जिल्ह्याच्या ठिकाणासाठी वर्षाला 43,000 रुपये ठरले होते: भोजन 25,000, निवास 12,000 आणि निर्वाह 6,000. गुणांची व उत्पन्नाची अट आहे. अर्ज समाजकल्याण कार्यालयाकडे करावा. भाडेकरारही लागतो आणि घोडे इथेच अडते, कारण घरमालक सहीला तयार होत नाहीत. शिवाय पैसे प्रवेशाच्या दिवशी हातात पडत नाहीत. पहिल्या दोन-तीन महिन्यांच्या भाड्याची सोय आधीच करून ठेवावी.

परक्यांना दोष देताना आपल्या घरातही पाहू. नोकरी लागून प्लॉटवर बंगला बांधलेले आपलेच कित्येक जण "पोरंपोरी नकोत, फॅमिली पाहिजे" म्हणतात. भिंतीवर फोटो आहे, मागची खोली कुलपात आहे.

आमच्या वस्तीतल्या विहारात आम्ही एक वही ठेवली आहे. ज्यांच्याकडे खोली रिकामी असेल आणि करारावर सही करायची तयारी असेल, त्यांनी त्यात नाव लिहावे. त्या मुलीच्या वर्गातल्या आणखी दोघी अजून खोली शोधत आहेत.