अंगणवाडीतला खेळ आणि कापलेला हक्क

जून महिना जवळ आला की वस्त्यावस्त्यांत एकच चर्चा सुरू होते. पोराला कुठल्या ‘केजी’त घालायचे? हातावर पोट असलेला बाप उसनवारी करून इंग्रजी माध्यमाच्या नर्सरीची फी भरतो आणि गल्लीतल्या अंगणवाडीला ‘खिचडीची शाळा’ म्हणून हिणवले जाते. त्या बापाला आम्ही दोष देणार नाही. आपल्या वाट्याला आले ते लेकराच्या वाट्याला येऊ नये, एवढीच त्याची धडपड असते. पण तीन ते सहा वर्षांच्या आमच्या लेकरांचा हक्क कुणी आणि कसा कापला, हे चळवळीने नीट समजून घेतले पाहिजे.

चांगल्या बालवाडीतला दिवस कसा असतो? मुले गोलात बसून गाणे म्हणतात. चिंचोके मोजता मोजता पाच आणि दोन सात होतात. मातीचा बैल करताना बोटांना बळ येते आणि त्याच बोटांनी पुढे पेन्सिल धरायची असते. गोष्ट ऐकताना मूल ‘का?’ म्हणून विचारते. भातुकलीत आपली पाळी येईपर्यंत थांबायला शिकते. दुपारी सगळी एका पंगतीत जेवतात. बाहेरून पाहणाऱ्याला हा पोरखेळ वाटतो, पण भाषा, गणित आणि समतेचा पाया इथेच घातला जातो. तीन वर्षांच्या मुलाला बाकावर जखडून एबीसीडी गिरवायला लावणारी महागडी नर्सरी हे देत नाही. ती फक्त बिल देते.

त्या गोलात कोण कुणाशेजारी बसतो, हा आमच्यासाठी किरकोळ प्रश्न नाही. साताऱ्याच्या शाळेत बालवयातील बाबासाहेबांना घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागले होते. तो काळ संपला, असे म्हणणाऱ्यांनी उत्तराखंडकडे पाहावे. डिसेंबर २०२१ मध्ये चंपावत जिल्ह्यातील एका शाळेत दलित स्वयंपाकिणीने शिजवलेले अन्न सवर्ण मुलांनी नाकारले. ही मुले जात शाळेत शिकली नाहीत, घरून शिकून आली. जातीचा धडा घरात पक्का होण्याआधी मुलांना एका पंगतीत बसवणारी जागा म्हणजे अंगणवाडी. म्हणूनच ती महत्त्वाची.

लहान मुलांच्या खेळाला सत्ताधारी किती घाबरतात, हे इतिहासात नोंदलेले आहे. जर्मनीत फ्रोबेलने १८३७ साली सुरू केलेल्या कामातून ‘किंडरगार्टन’ जन्माला आले. प्रशियाच्या सरकारने १८५१ मध्ये त्यावर नास्तिकपणा आणि समाजवादाचा ठपका ठेवून बंदी घातली. मारिया मॉन्टेसरींनी १९०७ साली पहिले बालगृह उघडले ते रोममधील सान लोरेन्झो या गरीब कामगारवस्तीत. आज आपल्याकडे मॉन्टेसरीची पाटी दिसते ती श्रीमंतांच्या सोसायट्यांत! आपल्याकडे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला काम केले. अस्पृश्य आणि आदिवासी मुले बालवाडीत येत नाहीत, हे दिसल्यावर त्यांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली.

आता मूळ मुद्दा. बाबासाहेबांच्या संविधानातील ४५ व्या कलमाने राज्यावर चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाची जबाबदारी टाकली होती आणि त्यासाठी दहा वर्षांची मुदत घातली होती. ‘सहा वर्षांपासून’ अशी खालची मर्यादा त्यात नव्हती. २३ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत हे कलम केवळ प्राथमिक शिक्षणापुरते करावे, अशी सूचना आली. बाबासाहेबांनी ती फेटाळली. चौदा वर्षांखालील मुलाला कामाला लावता येणार नसेल, तर ते शिक्षणसंस्थेतच असले पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९९३ मध्ये उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चौदा वर्षांपर्यंतचे शिक्षण मूलभूत हक्क मानले. त्यानंतर २००२ साली वाजपेयी सरकारच्या काळात ८६ वी घटनादुरुस्ती झाली. हक्क दिल्याचा गाजावाजा झाला, पण तो मिळाला सहा ते चौदा वयोगटाला. सहा वर्षांखालील बालकांसाठी राज्य ‘प्रयत्न करील’, एवढेच उरले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातही पूर्वप्राथमिकची सक्ती नाही. ज्या वयात पाया पडतो, नेमके तेच वय हक्कातून वगळले गेले. पैसेवाल्यांचे त्यात काय बिघडले? त्यांच्या नर्सऱ्या चालूच राहिल्या. उघडे पडले ते आमचे लेकरू.

उरली अंगणवाडी. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या या योजनेतील सहा सेवांपैकी बालशिक्षण ही एक. पण सेविकेने शिकवायचे केव्हा? वजने घ्या, पोषण आहार वाटा, गरोदर मातांच्या नोंदी ठेवा, मोबाईलवर ‘पोषण ट्रॅकर’ भरा. एवढे करून तिला पगार नाही, ‘मानधन’! डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ या काळात महाराष्ट्रातील सेविका-मदतनीस पन्नास दिवसांहून अधिक संपावर राहिल्या. त्यांच्या घामाची किंमत न करता २०२० च्या शैक्षणिक धोरणाने २०३० पर्यंत सर्वांना बालशिक्षण देण्याचे स्वप्न दाखवले. सरकारचे आश्वासन कोर्टात मागता येत नाही, हक्क मागता येतो. फरक इथेच आहे.

१८८२ साली हंटर आयोगासमोर महात्मा फुल्यांनी वरच्या वर्गावर होणारा शिक्षणखर्च आणि बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाची उपेक्षा यावर बोट ठेवले होते. ते बोट आजही हलवता येत नाही.

तेव्हा कार्यकर्त्यांनी तीन कामे हाती घ्यावीत. एक, तीन ते सहा वयाच्या शिक्षणाला मूलभूत हक्क करा आणि प्रत्येक अंगणवाडीला केवळ शिकवण्यासाठी वेगळी शिक्षिका द्या, ही मागणी प्रत्येक निवडणुकीत उमेदवारापुढे ठेवावी. दोन, १३ डिसेंबर २००६ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांना प्राधान्य द्यायला सांगितले होते. जिथे सहा वर्षांखालील किमान चाळीस मुले आहेत, तिथे मागणीनंतर तीन महिन्यांत अंगणवाडी द्यावी, असेही बजावले होते. त्याचा दाखला देऊन ग्रामसभेत ठराव मांडावा. तीन, आमच्या विहारांची दारे सकाळच्या वेळी या लेकरांसाठी उघडावीत. वंदना संध्याकाळी होते, सकाळी विहार रिकामे असते. तिथे चटई टाकून, चार गोष्टीची पुस्तके आणि वाटीभर चिंचोके ठेवून शिकलेल्या आमच्या मुली सहज बालवाडी चालवू शकतात.

‘शिका’ हा बाबासाहेबांचा पहिला आदेश आहे. त्याची सुरुवात पहिलीच्या वर्गात होते, असे समजणे आता परवडणारे नाही.