आंदर मावळ कुणाच्या नकाशात?



लोकसभेत आणि विधानसभांत बायकांना एक तृतीयांश जागा देणारा कायदा २०२३ साली झाला, तेव्हा आपल्यापैकी अनेकींनी पेढे वाटले. पण त्या कायद्यातच दोन गाठी मारून ठेवल्या होत्या. आधी जनगणना, मग मतदारसंघांची फेररचना, आणि त्यानंतर आरक्षण. जनगणनेबद्दल बरंच बोललं गेलं. फेररचना म्हणजे पुढाऱ्यांचं आणि कलेक्टर कचेरीचं काम, असं आपण धरून चालतो. मी आंदर मावळात काम करते, आणि मला तसं वाटत नाही.

मावळ लोकसभा मतदारसंघ मुळी फेररचनेतूनच जन्मला. २००८ साली खेड आणि कुलाबा ही जुनी नावं पुसली गेली आणि २००९ मध्ये 'मावळ'ची पहिली निवडणूक झाली. नाव मावळचं, पण त्यात मावळ, पिंपरी, चिंचवड आणि घाटाखालचे कर्जत, उरण, पनवेल. बैठकीत नकाशा पसरला की बायका आधी आपलं गाव शोधतात. टाकवे, वडेश्वर, खांड, कुसूर. मग बोट सरकत सरकत समुद्रापर्यंत जातं आणि हसू फुटतं. कुसूरच्या घाटाने कर्जतकडे उतरायची जुनी पायवाट आहे खरी; पण उरणच्या बंदराचा आणि आपला खासदार एकच, हे पचायला वेळ लागतो. २०२४ साली एकट्या चिंचवड आणि पनवेलमध्ये मिळून बारा लाख मतदार होते, मावळ विधानसभा मतदारसंघात पावणेचार लाखांच्या आसपास. त्यात आंदर मावळ किती, ते प्रचाराच्या गाड्या कुठवर येतात त्यावरून ओळखावं.

आमचं पाणी मात्र सगळ्यांना ठाऊक आहे. ठोकळवाडीला टाटांचं धरण झालं, पाणी घाटाखाली भिवपुरीला उतरलं आणि १९२२ पासून त्याची वीज मुंबईला गेली. मुंबई इलाख्यात बायकांना मताचा हक्क १९२१ सालीच मिळाला होता, पण त्याला मालमत्तेची आणि महसुलाची अट होती. ज्यांची खाचरं पाण्याखाली गेली, त्या बायकांच्या नावावर जमीन कुठली आणि मत कुठलं! पुढे मत मिळालं. तरी ९ ऑगस्ट २०११ ला बऊरला काय झालं? पवनेचं पाणी बंद नळाने पिंपरी-चिंचवडला न्यायला विरोध करणाऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. तीन माणसं गेली, त्यात एक शेतकरी बाई होती. पाणी मागणारं शहर आणि पाणी देणारं खोरं, दोन्ही एकाच मतदारसंघात होती. खासदाराने कुणाची बाजू घ्यायची, हे मतांच्या हिशेबात आधीच ठरलेलं असतं.

आता बायकांचं बघू. लोकसभेच्या चारही निवडणुकांत पहिला आणि दुसरा, दोघेही पुरुष. बाबर आणि पानसरे, मग बारणे आणि जगताप, बारणे आणि पवार, बारणे आणि वाघेरे. विधानसभेला मावळातून १९५७ साली जनसंघाचे रामभाऊ म्हाळगी निवडून आले होते, १९७२ साली कृष्णराव भेगडे. १९९५ साली भाजपच्या रूपलेखा ढोरे आमदार झाल्या. राज्याचं महिला धोरण आदल्याच वर्षी आलं होतं, वाटलं होतं की वाट मोकळी झाली. १९९९ मध्ये त्याच पक्षाचे दिगंबर भेगडे आमदार झाले आणि तेव्हापासून मावळात पुन्हा पुरुषच. शेजारच्या चिंचवडला लक्ष्मण जगतापांच्या निधनानंतर २०२३ च्या पोटनिवडणुकीत अश्विनी जगताप निवडून आल्या. पुढच्याच वर्षी तिकीट दिराला गेलं.

इथे मला इंग्लंडमधलं प्लिमथ आठवतं. १९१९ साली नॅन्सी ॲस्टर नवऱ्याच्या रिकाम्या झालेल्या जागेवरूनच पार्लमेंटमध्ये गेल्या. श्रीमंत घरची बाई, आपल्या राजकारणाशी तिचा काडीचा संबंध नाही. पण ती जागा तिने १९४५ पर्यंत राखली. नवऱ्याच्या जागेवर येणं ही काही लाजेची गोष्ट नाही. प्रश्न असा की जागा तिची कधी होते.

ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या, हे महाराष्ट्रात २०११ पासून आहे. आंदर मावळातल्या आपल्या सरपंच बायका रेशनपासून एसटीपर्यंत सगळं भांडून मिळवतात. त्यांच्यातली एखादी उद्या आमदारकीला उभी राहायची, तर राखीव जागा कुठली आणि तिची हद्द कुठवर, यावर सगळं अवलंबून. पाच-सहा लाख मतदारांच्या शहरी मतदारसंघात पैशाशिवाय कुणी विचारत नाही. शिवाय राखीव जागा दर फेररचनेनंतर फिरणार, असं कायदाच म्हणतो. म्हणजे एकदा निवडून आलेलीला ती जागा टिकवणं पुन्हा अवघड.

मागच्या फेररचनेच्या वेळी आयोगाला मसुदा प्रसिद्ध करावा लागत होता, हरकती मागवून जाहीर सुनावणी घ्यावी लागत होती. २००२ च्या कायद्यातच तसं होतं. त्या सुनावण्यांना आपल्यातल्या किती जणी गेल्या होत्या? पुढच्या वेळी कायदा कसाही येवो, आपला नकाशा तयार हवा. गावं, वाड्या, ठाकरवस्त्या, एसटी कुठे थांबते, बाळंतिणीला कुठे न्यावं लागतं, धरणाचं पाणी कुठे जातं, सगळं त्यावर मांडलेलं. आम्ही टाकव्यापासून सुरुवात करतोय. खांड आणि कुसूर पाऊस ओसरल्यावर, कारण तोवर तिकडचे रस्ते आमच्या भरवशाचे नसतात. तुमच्या तालुक्यात कुणी हे काम हाती घेतलं, तर कळवा.