पिलाचे पाय वाकडे, भुर्दंड शेतकऱ्याला



कर्जत-खालापूरकडे भाताच्या खाचरांमध्ये कोंबड्यांच्या लांबलचक शेडी दिसतात. शेड शेतकऱ्याची, कर्ज त्याचे, वीज-पाणी आणि रात्रीची जागरणेही त्याचीच. पिलू, खाद्य, औषध मात्र कंपनीचे. अशाच एका शेडीत दोन-अडीच आठवड्यांची पिले खुरडताना पाहिली. सांधे सुजलेले, पिसे विस्कटलेली, पायांवर खवले. कंपनीचा माणूस म्हणाला, "तूस ओला ठेवलात, चूक तुमची." वजावट शेतकऱ्याच्या हिशेबात झाली.

पाय अधू होण्याची कारणे अनेक आहेत. पण ही सारी लक्षणे जस्ताच्या कमतरतेचीही आहेत. मग खाद्य न तपासता गुन्हेगार कसा ठरला?

जस्त तुम्हाला नवीन नाही. भातावरचा खैरा रोग जस्ताअभावी होतो, हे पंतनगरला डॉ. नेने यांनी 1966 साली दाखवले. पिलाचेही तसेच. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने 1994 साली पिलांच्या खाद्यात किलोमागे 40 मिलिग्रॅम जस्त धरले, म्हणजे 100 किलोत फक्त 4 ग्रॅम. धान्यात जस्त असते, पण त्यातले फायटिक आम्ल ते बांधून ठेवते. मिसुरी विद्यापीठात ओडेल आणि सॅव्हेज यांनी हे 1960 सालीच दाखवले होते. चुना जास्त झाला की ही गाठ आणखी घट्ट बसते. म्हणून अंड्यावरच्या कोंबडीचे चुनखडीवाले खाद्य पिलांना घालू नका. आणि शेतातल्या पोत्यातले झिंक सल्फेटही नको. त्यात शिसे, कॅडमियम असू शकते. गावठी कोंबडी माती उकरून, किडे खाऊन थोडीफार भर काढते. शेडीतल्या पिलाला पोत्यात असेल तेवढेच मिळते.

आता कोरडवाहूवाल्यांनी कान द्यावेत. आपली ज्वारी याच पोत्यात जाते. "ज्वारीवर कोंबडी वाढत नाही" म्हणत व्यापारी भाव पाडतो. आपली पांढरी ज्वारी पोषणात मक्याच्या जवळपास आहे. फायटिक आम्ल मक्यातही असतेच. दोन्हींना वरून जस्त द्यावेच लागते. बुरशी लागलेला माल जरूर नाकारा, तो पिलांना घातकच. पण खनिज मिश्रणात केलेल्या काटकसरीचे खापर आमच्या ज्वारीवर फोडू नका.

मागणी साधी आहे. प्रत्येक पोत्यावर जस्त, मँगनीज, कॅल्शियम, फॉस्फरस यांचे प्रमाण आणि बनवल्याची तारीख छापा. प्रत्येक खेपेचा नमुना दोघांच्या सहीने सीलबंद राहू द्या. वाद झाला तर तो बाहेरच्या प्रयोगशाळेत तपासा आणि अहवाल येईपर्यंत वजावट थांबवा.

तोवर आपण काय करायचे? पोते फोडताना किलोभर खाद्य काढून, तारीख घालून कोरड्या डब्यात ठेवायचे. पिले किती लंगडली, किती मेली, रोज वहीत लिहायचे. बियाण्याची पिशवी आणि पावती जपायला आपण नुकसान सोसून शिकलो. कोंबडीच्या खाद्यासाठी तोच धडा पुन्हा नुकसान सोसून शिकायचा का?