मी कोण? दहा ओळी लिहा!



मागच्या शनिवारी सकाळची शाळा होती आणि पाऊस असा कोसळत होता की निम्मा वर्ग घरीच. नवा धडा कसा घेणार? मग मी माझ्या चौथीच्या मुलांना म्हटलं, "वहीचं एक पान काढा. 'मी कोण?' या प्रश्नाची दहा उत्तरं लिहा. दहाही वेगळी हवीत हं!"

ही युक्ती माझी नाही. १९५४ साली छापलेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या कून आणि मॅकपार्टलंड या दोन अभ्यासकांनी विद्यार्थ्यांना हाच प्रश्न विचारला होता, आणि उत्तरं मागितली होती वीस! त्यांना काय दिसलं? 'मी विद्यार्थी', 'मी मुलगी' अशी कुठल्यातरी गटातली ओळख माणसं आधी सांगतात. ती संपली की मग 'मी आळशी', 'मी आनंदी' सुरू होतं.

आमच्या वर्गातही तस्संच झालं. चार ओळी भराभर, मग पेन्सिली चावणं सुरू! एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, घरी मी छकुली, हजेरीत वेगळंच नाव, आजोळी 'धाकटीची पोर'. यातली खरी मी कोणती?" सगळे हसले. मला मात्र प्रश्न फार आवडला. मी म्हटलं, "सगळ्या लिही."

घरात दीड-दोन वर्षांचं बाळ आहे का? त्याच्या नकळत नाकाला कुंकवाचा ठिपका लावा आणि आरशापुढे धरा. लहान बाळ आरशातल्या बाळाकडे बघून हसतं, त्यालाच हात लावायला जातं. पण साधारण दीड ते दोन वर्षांचं झालं की हात जातो स्वतःच्या नाकाकडे. म्हणजे 'हा मीच' हे त्याला कळलं! पुढे आणखी एक आरसा मिळतो, तो दुसऱ्यांच्या डोळ्यांचा. लोक आपल्याला कसं बघत असतील असं वाटतं, तसे आपण स्वतःला समजू लागतो. चार्ल्स कूली या समाजशास्त्रज्ञानं १९०२ सालीच हे लिहून ठेवलंय.

हे मला पाठ होतं. तरीही पानं गोळा करताना एका पानावर थबकले. तिसरीच ओळ होती, 'मी ढ आहे.'

"कोणी सांगितलं रे तुला?"

"तुम्हीच, बाई. जुलैत. भागाकार चुकला तेव्हा."

मला आठवतसुद्धा नव्हतं! (पालकहो, तुम्हीही जरा आठवून बघा.) मी सगळ्यांसमोर म्हटलं, "चुकलं माझं. ती ओळ खोड."

"मग तिथं काय लिहू?"

वर्ग मदतीला धावला. "तो सायकलची चेन बसवतो!" "त्याला सगळ्या पाखरांचे आवाज काढता येतात!" तो म्हणाला, "सगळ्या नाही, तीनच." आणि 'तीन पाखरांचे आवाज काढतो' असं नीट लिहिलं. चेनचंही लिहिलं. 'ढ' मात्र तसाच.

"अरे, ते खोड ना!"

"राहू द्या बाई. भागाकार आला की खोडीन."

सध्या मधल्या सुट्टीत आम्ही दोघं भागाकार करतो. दोन अंकी भाजकापर्यंत आलोय.

तुमच्या बाई