गॅरेजमधले कातारी

अमेरिकेत काही निवृत्त मंडळींच्या गॅरेजमधून गाडी बाहेर जाते आणि लेथ आत येतो. लाकूड कातणाऱ्या या हौशींची देशव्यापी संघटना 1986 पासून आहे, तिला जोडलेले क्लब तर शेकडो. वादळात शेजारचा मेपल आडवा झाला की यांची दिवाळी. ओलं खोड तडकू नये म्हणून कापलेल्या टोकांना मेण फासायचं, मग वाडगा मुद्दाम जाड कातायचा: दहा इंची असेल तर भिंत इंचभर. महिनोन्‌महिने वाळताना तो वाकतो, लंबगोल होतो. मग पुन्हा लेथवर चढवून गोल करायचा. खरी परीक्षा गोल पटाशीची. तिची उतरती बाजू आधी लाकडावर टेकवायची, मग हलकेच धार लागू द्यायची. जमलं तर ओल्या लाकडाच्या लांबच लांब फिती उडतात. चुकलं तर पटाशी रुतते आणि वाडगाच तोंडावर येतो, म्हणून मुखकवच हवंच. एवढ्या वाडग्यांचं करायचं काय, हा बायकोचा प्रश्न रास्तच! निदान झाकणाच्या डब्यांना तरी गिऱ्हाईक आहे: ‘बीड्स ऑफ करेज’ ही संस्था गंभीर आजारी मुलांना उपचारांच्या टप्प्याटप्प्याला मणी देते, ते ठेवायला हे लोक डब्या कातून देतात. आपल्याकडे कातारी लाटणी आणि भोवरे कातून पोट भरत आला. सावंतवाडीला लाकडी फळं घ्यायला आपण थांबतो, पण पेन्शनीत निघालेल्या कुणा साहेबाला पटाशी हातात घ्यावीशी वाटली, असं काही कानावर येत नाही. जातीचं काम हौसेनं करायला आपल्याला अजून लाज वाटत असावी.